संगीतासाठी इन-इअर हेडफोन निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे इन-इअर म्हणजे रबरी टोक कानाच्या नळीत शिरून नळी बंद करणारे हेडफोन, मुख्यतः वायरचे. दुकानदार त्यांना इअरफोन म्हणतो, हौशी मंडळी आयईएम (इन-इअर मॉनिटर) म्हणतात, वस्तू तीच. गाणं ऐकणं हा मुख्य उद्देश धरून उत्तरं दिली आहेत. फोनवर बोलणं किंवा गेम खेळणं यांचे निकष वेगळे.

सगळ्यात आधी काय बघायचं?

कानात बसतात का, ते. किंमत, ड्रायव्हर (आवाज काढणारा आतला भाग), आलेख (कुठला स्वर किती मोठा वाजतो ते दाखवणारा) हे सगळं त्यानंतर. रबर आणि कानाची नळी यांच्यात बारीकशी फट राहिली तरी खालचे स्वर तिथून निसटतात. १०० हर्ट्झच्या (हर्ट्झ हे स्वराच्या उंचीचं माप) खाली १० डेसिबल आणि त्याहून जास्त घट सहज होते. डग्ग्याचा घुमारा जातो, तानपुऱ्याचा खर्ज पातळ पडतो, आणि खालचं गेलं की वरचं आपोआप टोचू लागतं. "बेस नाही, ट्रेबल कर्कश" अशी जी तक्रार परीक्षणांखाली दिसते, तिच्यातल्या बऱ्याच तक्रारी हेडफोनच्या नसून रबराच्या असतात.

रबराचं माप बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

खोक्यात बहुधा लहान, मध्यम, मोठं अशा तीन जोड्या येतात. हेडफोनला बसवून आलेलं मध्यम रबर तसंच वापरत राहणं ही सर्वांत मोठी चूक. डाव्या-उजव्या कानाच्या नळ्याही सारख्या असतील असं नाही, एका बाजूला मध्यम आणि दुसरीला मोठं बसणं अगदी नेहमीचं आहे.

घालताना विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. हेडफोन आत सरकवा, किंचित फिरवा, पाळी सोडा. मग गाणं न लावता तोंड मिटून "म्ऽऽ" असा हुंकार भरा. दोन्ही कानांत स्वतःचा आवाज सारखाच घुमला तर दोन्हीकडे नळी बंद झाली आहे. एकीकडे कमी घुमला तर त्या बाजूला एक माप मोठं घालून बघा. दुसरी खूण: ५० हर्ट्झचा सलग सूर लावा आणि हेडफोन बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्याबरोबर सूर एकदम जाडा झाला तर फट होती. जबडा हलवून, चघळल्यासारखं करूनही बघा, कारण काहींची नळी जबड्याबरोबर आकार बदलते आणि मध्येच हवा शिरते.

मोठं रबर म्हणजे जास्त घट्ट, असंही नाही. फार मोठं रबर आत दुमडतं आणि त्या घडीतूनच हवा जाते. शिवाय तासाभराने कान दुखतो.

फोमची टोकं घ्यावीत का?

सिलिकॉन कुठल्याच मापात बसत नसेल तर घ्या. बोटांत वळून बारीक करायची, घालायची आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद धरून ठेवायची. न धरता सोडली तर अर्धवट बाहेर सरकतात. फोम वरचे स्वर थोडे शोषतो, म्हणून टोचणाऱ्या हेडफोनला तो उपाय आहे आणि आधीच मंद असलेल्याला अपाय. घामाने आणि मळाने तो कडक होतो. रोज वापरलात तर दोन-तीन महिन्यांनी बदलावा लागतो. सिलिकॉनमध्येही रुंद भोकाचं रबर वरचे स्वर मोकळे सोडतं, अरुंद भोकाचं थोडे आवरतं. वेगळी रबरं मागवण्याआधी हेडफोनच्या नळीचा व्यास मोजा. ४ मिलिमीटरच्या नळीवर ६ मिलिमीटरचं रबर चढवलं तर हेडफोन काढताना ते कानात राहतं.

आलेखांत नेमकं काय वाचायचं?

आडव्या अक्षावर स्वराची उंची, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ; उभ्या अक्षावर डेसिबल. सरळ रेघ म्हणजे उत्तम, हा पहिला गैरसमज. मोकळ्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज स्वतःच फुगवते. इन-इअर घातला की ती नळी बंद होते आणि हा नैसर्गिक उठाव नाहीसा होतो. तो हेडफोनला भरून द्यावा लागतो. म्हणून चांगल्या इन-इअरच्या आलेखात ३ किलोहर्ट्झजवळ डोंगर दिसायलाच हवा. तो नसेल तर गायक पडद्याआडून गातोय असं वाटतं. गरजेपेक्षा उंच असेल तर तोच आवाज ओरडा होतो.

डोंगर किती उंच असावा, खाली बेसचा उठाव किती असावा, याचे ठोकताळे आहेत. त्यांतला सर्वांत परिचित म्हणजे हरमन कंपनीच्या संशोधकांनी श्रोत्यांवर चाचण्या घेऊन काढलेली लक्ष्यरेषा. इन-इअरसाठीची तिची आवृत्ती २०१९ ची. ती सरासरी आवड आहे, वेदवाक्य नव्हे. तिच्यातला बेस अनेक शास्त्रीय श्रोत्यांना जास्तच वाटतो.

वाचताना पट्टे पाडा. २०० हर्ट्झच्या खालचा उठाव हा बेसचा जोर. २०० ते ५०० मध्ये चढ राहिला असेल तर आवाज घोगरा, कोंदट होतो. स्वस्त हेडफोनचा "दणदणीत बेस" बहुतेक वेळा हाच असतो. १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये गळा, पेटी, बासरी यांचा चेहरा ठरतो. ५ ते ८ मध्ये टोक आलं तर "स", "च", "छ" फिसकारतात.

८ किलोहर्ट्झच्या वर मात्र आलेखावर फार भरवसा ठेवू नका. मोजणारे लोक बहुधा ७११ या जुन्या नावाने ओळखला जाणारा कृत्रिम कान वापरतात, आणि हेडफोन किती खोल घातला यावर त्याचं अनुनादाचं टोक ८ किलोहर्ट्झच्या आसपास सरकत राहतं. तुमच्या कानात ते आणखी तिसरीकडेच असेल. आणि दोन वेगळ्या ठिकाणचे, वेगळ्या यंत्रांवरचे आलेख एकमेकांवर ठेवून निष्कर्ष काढू नका. तुलना एकाच मोजणाऱ्याच्या दोन आलेखांची.

शास्त्रीय, अभंग, नाट्यगीतं ऐकणाऱ्यांनी वेगळं काही बघावं का?

हो. बाजारातले बरेच हेडफोन पाश्चात्त्य पॉप आणि इलेक्ट्रॉनिक संगीत डोळ्यांसमोर ठेवून जुळवलेले असतात, आणि त्यांचा जोर ४०-६० हर्ट्झच्या किकवर (ड्रमच्या जाड ठोक्यावर) असतो. आपल्याकडे त्या पट्ट्यात फारसं काही घडतच नाही. पेटीच्या काळी एक पट्टीत गाणाऱ्याचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९. काळी चार-पाचमध्ये गाणाऱ्या बाईंचा मध्य सप्तकातला षड्ज सुमारे २०८ ते २३३. म्हणजे सगळा खेळ ७० हर्ट्झच्या वर चालतो, आणि १०० ते ३०० या पट्ट्याची स्वच्छता ४० हर्ट्झच्या दणक्यापेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाची ठरते.

परीक्षा अशी घ्या. विलंबित ख्यालाचं एखादं ओळखीचं ध्वनिमुद्रण लावा आणि गाण्याकडे लक्ष न देता फक्त तानपुऱ्याकडे द्या. जवारीची झिलई सलग ऐकू आली पाहिजे. गायक बोलू लागला की तानपुरा हरवत असेल तर खालचा-मधला पट्टा फुगलेला आहे. डग्ग्यावरची घसीट ऐका: मनगट सरकताना सूर वर चढतो, तो चढ ऐकू आला तर बेस काबूत आहे, नुसतं "धुप्प" ऐकू आलं तर नाही. अभंगात टाळ लागल्यावर दोन-तीन मिनिटांत कान शिणले तर वरचा पट्टा जास्त आहे. टाळ ही त्या पट्ट्याची सर्वांत निष्ठुर परीक्षा आहे, कुठल्याही सिम्बलपेक्षा. ढोलकीच्या गाण्यात चाटीचा कडक ठोका आणि धुमाचा घुमार वेगवेगळे उमटायला हवेत.

जुनी ७८ आरपीएमची मुद्रणं ऐकणाऱ्यांनी चमकदार ट्रेबलच्या वाटेला जाऊ नये. त्या मुद्रणांत वरच्या पट्ट्यात संगीत थोडं आणि खरखर जास्त असते. पण त्यांचा एक उपयोग आहे. ती मोनो असतात, म्हणून गळा डोक्याच्या बरोब्बर मध्यभागी यायला हवा. तो डावी-उजवीकडे झुकला तर एका कानाचं रबर नीट बसलेलं नाही किंवा हेडफोनच्या दोन बाजूंत फरक आहे. डावा-उजवा अदलाबदल करून घाला. झुकाव बाजू बदलला तर दोष हेडफोनचा, नाही बदलला तर कानाचा किंवा रबराचा.

जास्त ड्रायव्हर म्हणजे चांगला आवाज?

नाही. डायनॅमिक ड्रायव्हर म्हणजे छोटा स्पीकरच, बहुधा १० मिलिमीटरच्या आसपासचा. बॅलन्स्ड आर्मेचर श्रवणयंत्रांतून आले. ते अगदी छोटे असतात, म्हणून एका कवचात अनेक मावतात. अनेक ड्रायव्हर जुळवताना त्यांच्या सीमारेषांवर गडबड होऊ शकते. १९९१ मध्ये आलेला इटिमोटिक ईआर-४ एका आर्मेचरवर चालतो आणि गळ्याच्या अचूकतेसाठी आजही नावाजला जातो. खोक्यावरचं "बेरिलियम", "डीएलसी", "ग्राफीन" हे पडद्याचं साहित्य आहे. त्यावरून आवाजाचा अंदाज बांधणं म्हणजे भांड्याच्या कल्हईवरून आमटीची चव सांगणं.

माझ्या फोनला जॅकच नाही. कुठला डोंगल (चार्जिंगच्या भोकाला हेडफोन जोडायचा छोटा जोड) घ्यायचा?

आधी एक फसवणूक टाळा. काही स्वस्त टाइप-सी जोडण्यांच्या आत डॅक, म्हणजे डिजिटलचा ध्वनी करणारी चिप, नसतेच. त्या फक्त तारा पुढे नेतात आणि टाइप-सीमधून अ‍ॅनालॉग ध्वनी देणाऱ्या मोजक्या फोनांवरच चालतात. खोक्यावर डॅक असल्याचं स्पष्ट लिहिलेलं घ्या. अ‍ॅपलचा छोटा टाइप-सी डोंगल स्वच्छ आवाजाचा आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर त्याचा आवाज फारच हळू येतो, कारण फोन डोंगलच्या आतला आवाजाचा टप्पा पूर्ण उघडत नाही. अँड्रॉइडसाठी दुसऱ्या कंपनीचा घेतलेला बरा.

इम्पीडन्स आणि सेन्सिटिव्हिटीचे आकडे कशाला बघायचे?

इम्पीडन्स म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये; सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक विजेवर तो किती मोठा वाजतो ते. बघायचे दोन कारणांसाठी. पहिलं म्हणजे आवाज पुरेल का. कंपन्या सेन्सिटिव्हिटी कधी प्रति मिलिवॉट लिहितात, कधी प्रति व्होल्ट, आणि ते आकडे सरळ ताडून बघता येत नाहीत. ३२ ओहमच्या हेडफोनला प्रति मिलिवॉटच्या आकड्यात १५ मिळवले की प्रति व्होल्टचा आकडा येतो, १६ ओहमला १८ मिळवायचे. ३२ ओहम, १०५ डेसिबल प्रति मिलिवॉट म्हणजे १ व्होल्टला १२० डेसिबल. साध्या डोंगललाही हे भरपूर झालं. वेगळा अँप (आवाजाची ताकद वाढवणारं यंत्र) बहुतेकांना लागत नाही. प्लॅनर (सपाट, पातळ पडद्याच्या) जातीचे काही हेडफोन तेवढे भुकेले असतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आणि दुर्लक्षित. अनेक आर्मेचरच्या हेडफोनचा इम्पीडन्स स्वरागणिक बदलतो. समजा तो एका ठिकाणी ८ ओहम आणि दुसरीकडे ४० ओहम आहे. ज्या यंत्राला जोडलात त्याचा आउटपुट इम्पीडन्स १० ओहम असेल तर या दोन ठिकाणच्या पातळीत ५ डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे हेडफोनचा स्वभावच बदलतो. तोच १ ओहम असेल तर फरक एक डेसिबलच्या आत. जुने लॅपटॉप, ध्वनीचे मिक्सर, घरच्या स्टिरिओचा हेडफोन जॅक यांचा आउटपुट इम्पीडन्स बरेचदा जास्त असतो. एकच हेडफोन एकाला मंद आणि दुसऱ्याला तिखट का वाटतो, याचं हे एक खरं कारण. एका डायनॅमिक ड्रायव्हरच्या हेडफोनला हा त्रास जवळजवळ नसतो.

गाणं थांबलं की "स्स्स" ऐकू येतं. का?

हेडफोन संवेदनशील आहे आणि अँपचा गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचं प्रमाण, जास्त. लो गेनवर टाका. लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावरच घरघर येत असेल तर तो वीजजोडणीचा दोष. चार्जर काढून खात्री करा.

बर्न-इन करावं का?

नको. शंभर तास वाजवून हेडफोन "मोकळा" होतो असं म्हणतात. प्रत्यक्षात तेवढ्या काळात रबर नीट बसवायला हात सरावतो आणि कान त्या आवाजाला रुळतो. पहिल्या दिवशी टोचणारा हेडफोन तेवढ्यासाठी ठेवून घेऊ नका, परत करायची मुदत निघून जाईल.

घरी दोन हेडफोनांची तुलना कशी करायची?

सुरुवातीला फोनमधलं डॉल्बी, इक्वलायझर (स्वरांचे पट्टे वेगवेगळे वर-खाली करायची सोय), "बेस बूस्ट" सगळं बंद करा. अनेक फोनांत यांतलं काहीतरी न विचारता चालू असतं. मग पातळी जुळवा. हे केलं नाही तर बाकीची मेहनत फुकट, कारण एखाद-दुसऱ्या डेसिबलने मोठा वाजणारा हेडफोन कानाला "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो. जुळवताना गळ्याच्या पातळीवर जुळवा, बेसच्या नव्हे. एकाला आवाज १२ वर आणि दुसऱ्याला १५ वर लागत असेल तर तसं लिहून ठेवा आणि हेडफोन बदलताना तेवढा फरक प्रत्येक वेळी करा.

दोन-तीन मिनिटांचे तेच तुकडे पुन्हा पुन्हा लावा: एक गळा आणि तानपुरा, एक टाळ-पखवाज, एक भरगच्च वाद्यवृंदाचं सिनेगीत. त्यानंतर नव्याने आणलेला हेडफोन सलग तीन-चार दिवस एकटाच वापरा. लगेच कळतो तो फरक असतो. शीण कळायला दिवस लागतात.

परीक्षणांवर किती विश्वास ठेवावा?

कुठलं रबर लावलं, कशाला जोडून ऐकलं, काय ऐकलं हे जो सांगत नाही त्याच्यावर थोडा. "साउंडस्टेज विशाल, डिटेल अप्रतिम" एवढंच असेल तर पुढे सरका. इन-इअरमध्ये मंच, म्हणजे साउंडस्टेज, डोक्याच्या आतच असतो, थोडा रुंद किंवा थोडा अरुंद. त्यापेक्षा असा परीक्षक शोधा ज्याने तुमच्याकडे आधीच असलेल्या हेडफोनविषयी लिहिलं आहे. त्याचं ते वर्णन तुमच्या कानाला पटलं, तर बाकीच्यांबद्दलचंही बहुधा पटेल. हेडफोन कंपनीने फुकट पाठवला होता का, हेही बघा.

किती पैसे घालावेत?

चिनी कंपन्यांच्या चढाओढीमुळे दीड ते तीन हजार रुपयांत एका डायनॅमिक ड्रायव्हरचे उत्तम जुळवलेले हेडफोन मिळतात, आणि बहुतेकांनी तिथेच थांबावं. पुढच्या पाच-सात हजारांत केबल, कवच, थोडा बारकावा मिळतो. त्यावर पैसा वाढतो तसा आवाज वाढत नाही. परदेशातून थेट मागवला तर सीमाशुल्क लागू शकतं, आणि वॉरंटीसाठी परत पाठवायचा खर्च वस्तूएवढा होतो. जीएसटी बिल देणारा इथला विक्रेता बरा. कानात घालायची वस्तू म्हणून अनेक दुकानं उघडलेलं खोकं परत घेत नाहीत, ते आधी विचारा.

ब्लूटूथवाले का नकोत?

नकोत असं नाही. लोकल, बस, विमान यांची घरघर खालच्या पट्ट्यात असते आणि नॉइज कॅन्सलिंग तिथेच सर्वांत चांगलं चालतं. रोज तासभर प्रवास असेल तर तो मोठा फायदा आहे. कोडेकची, म्हणजे ब्लूटूथवर ध्वनी आवळून पाठवायच्या पद्धतीची, चर्चा मात्र गरजेपेक्षा जास्त होते. सोनीचा एलडॅक कोडेक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो खरा, पण गर्दीच्या ठिकाणी जोडणी टिकवण्यासाठी ६६० किंवा ३३० वर उतरतो. नीट जुळवलेला साध्या एएसी कोडेकचा हेडफोन वाईट जुळवलेल्या एलडॅकवाल्याला कधीही भारी. खरी अडचण बॅटरीची. ती काही वर्षांत दमते आणि बहुतेक जोड्यांत बदलता येत नाही. वायरवाल्याची फक्त केबल बदलावी लागते.

इक्वलायझरने स्वस्त हेडफोन सुधारतो का?

बराच. टोचत असेल तर ६ ते ८ किलोहर्ट्झमध्ये जिथे टोक आहे तिथे ३ डेसिबल कमी करा. बेस हवा असेल तर १०० हर्ट्झच्या खाली लो-शेल्फ (त्याखालचं सगळं एकत्र उचलणारी सोय) ४ डेसिबलने उचला आणि त्याच वेळी प्रीअँप (इक्वलायझरमधली एकूण पातळी) उणे ४ करा, नाहीतर मोठ्या जागी आवाज फाटेल. फट राहिलेल्या रबरावर इक्वलायझर लावू नका; रबर हललं की सगळं गणित हलतं.

किती मोठ्याने ऐकलं तर चालतं?

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८३ वर २० तास, ८६ वर १०, ८९ वर ५. नीट बसलेलं रबर बाहेरचा गोंगाट अडवतं, म्हणून आवाज कमी ठेवता येतो. काढल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर मर्यादा ओलांडली आहे. ती टिकली तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

केबल महागडी घेतली तर? ४.४ मिलिमीटरच्या जाड पिनची?

केबल तुटेपर्यंत बदलू नका. ४.४ च्या जोडणीतून ताकद जास्त मिळते. ती लागत नसेल तर फरक नाही. बदलताना टोक बघा: ०.७८ मिलिमीटरची टू-पिन आणि गोल एमएमसीएक्स एकमेकांत बसत नाहीत. टू-पिनमध्ये एक बाजू उलटी लागली तर बेस गायब होतो आणि मधला गळा पोकळ, डोक्याभोवती पसरलेला वाटतो. पिन फिरवून लावा.

एक बाजू हळू वाजायला लागली. गेला का?

बहुधा नाही. रबर काढा आणि नळीच्या तोंडावरची जाळी उजेडात बघा. कानातला मळ तिथे साचतो. जाळी खाली तोंड करून धरा आणि कोरड्या मऊ ब्रशने झाडा, म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो. भिंतीवर फोटो चिकटवायची पुट्टी जाळीला हलकेच टेकवून उचलली तर उरलेला मळ तिला चिकटून येतो. सुई, टाचणी, फुंकर यांतलं काही नको. सुईने जाळी फाटते, फुंकरीतला ओलावा आत जातो. पावसाळ्यात मळ नसतानाही असं होतं, कारण जाळीवर दव धरतं. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी केबलच्या डाव्या-उजव्या बाजू अदलाबदल करून तपासा: दोष केबलबरोबर सरकला तर केबल बदला, त्याच हेडफोनमध्ये राहिला तर वॉरंटीचं बिल शोधा.